बेचाळीस नावं

मी शालोम नागावकर, वय एकाहत्तर, मुक्काम इल्फर्ड. सतरा वर्षं मी आमच्या मंडळाचा सेक्रेटरी होतो. आता नाही. का नाही, हे लोकांना थोडंफार माहीत आहे. मी इथे सगळं सांगतो, कारण थोडंफार माहीत असण्यात माझीच सोय होते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्व लंडनमध्ये आमची साठ-सत्तर घरं असतील. इथल्या इतर ज्यूंना आम्ही भेटलो की त्यांचे चेहरे उजळतात. 'इंडियन ज्यूज! हाऊ लव्हली!' आणि मग ते जेवणाबद्दल विचारतात. चाळीस वर्षं मी त्यांच्याशी नारळाच्या दुधातल्या पदार्थांवर बोलतोय. देशाबद्दल, जगाबद्दल तुमचं मत काय, असं कोणी कधी विचारलं नाही. हे मला फार लागायचं. बायको म्हणायची, तुम्हाला कोणी मत विचारत नाही हे देशाचं नशीब. तिला चेष्टा सुचायची, मला ती झोंबायची.

म्हणून २०२२च्या जानेवारीत एका मोठ्या ज्यू संघटनेच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी चक्क उठून उभा राहिलो. व्हिएन्नामध्ये इराणच्या अणुकराराची बोलणी पुन्हा चालू होती. ही संघटना ठिकठिकाणच्या ज्यूंकडून आपापल्या खासदाराला पत्रं देववत होती. ब्रिटन त्या टेबलाशी बसलंय तर नरम पडू नये, तपासनीसांना कुठलंही दार कधीही उघडता यावं, दहा-पंधरा वर्षांनी आपोआप गळून पडणाऱ्या अटी नकोत, असा मजकूर. मला तो पटत होता, आजही पटतो. माझी बहीण इस्राएलमध्ये अश्दोदला राहते. तिच्या इमारतीच्या आसऱ्याच्या खोलीत मी एक अख्खी दुपार रॉकेटहल्ल्याचे सायरन ऐकत काढली आहे. तेव्हा पत्रात काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती.

"तुमच्या कम्युनिटीकडून साधारण किती नावं मिळतील?" बाईंनी विचारलं.

"शंभर," मी म्हणालो. शंभर कोणी मागितली नव्हती. तोंडातून निघून गेलं.

मिळाली अठ्ठावन्न. काही जण सरळ नाही म्हणाले. त्यांच्या मते कसाही का होईना, करार झालेला बरा. त्यांच्याशी मी फोनवर भांडलो. काहींनी फोनच उचलला नाही. ओमिक्रॉनचे दिवस, कोणाच्या दारात जाऊन उभं राहायची सोय नव्हती. पत्र द्यायला चार दिवस राहिले आणि आकडा अठ्ठावन्नवरून हलेना.

त्याच आठवड्यात आमचा मलिदा झाला होता. तू बिश्वातच्या सणाला आम्ही पोहे, गूळ, ओलं खोबरं कालवून ताटं मांडतो, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषितांच्या नावानं प्रार्थना करतो. प्रार्थनेत एकेकाचं नाव घेऊन आशीर्वाद मागतात. त्या वर्षी हॉलमध्ये आम्ही बाराच जण होतो. बाकीच्यांनी घरून झूम लावलं आणि आशीर्वादाची नावं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. आपलं, नवऱ्याचं, आईचं, कोणाच्या बाळंतपणाला टेकलेल्या लेकीचं. त्याची मी सुबक यादी केली होती. यादी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

ती यादी मी पत्राशेजारी उघडली. सह्या हाताने करायच्या नव्हत्या, नुसती नावं-पत्ते टाइप करायचे होते. लहान मुलं गाळली. हॉस्पिटलात असलेले गाळले. आधीच सही केलेले गाळले. एवढा मी प्रामाणिक. उरलेल्यांचे पत्ते मंडळाच्या वहीतून घेतले, आणि ज्याचा पत्ता नव्हता त्याला नाव पाठवणाऱ्याचाच पत्ता दिला. बरोबर बेचाळीस भरली तेव्हा मला वाटलं, हा एलियाहूचाच कौल आहे.

फ्लोरा, माझी बायको, मागे उभी होती. तीस वर्षं नर्स होती ती. सही घेतल्याशिवाय तिनं कोणाला सुई टोचली नाही.

"अहो, विचारलंत का त्यांना?"

"आशीर्वादाला नाव दिलंय म्हणजे समाजाबरोबर आहेतच ना?"

"आशीर्वाद एलियाहूकडे मागितलाय त्यांनी. पार्लमेंटकडे नाही."

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी तिला संसारात फारसं वापरलेलं नाही. जेव्हा वापरलं तेव्हा दरवेळी तीच बरोबर निघाली आहे.

शुक्रवारी खासदारबाईंच्या ऑफिसात गेलो. कोट घातला, टाय बांधला. बाई माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण त्यांनी पत्र दोन्ही हातांनी घेतलं. "हंड्रेड नेम्स! फ्रॉम सच अ स्मॉल कम्युनिटी!" त्या म्हणाल्या. फोटो काढला. संघटनेनं तो आपल्या वेबसाइटवर टाकला, खाली अख्खं पत्र, नावांसकट. तो फोटो मी पंधरा जणांना पाठवला. अश्दोदच्या बहिणीला दोनदा.

दहा दिवसांनी होमावहिनी आल्या.

होमावहिनी म्हणजे माझा जुना मित्र एलिझर तळकर, त्याची बायको. मूळच्या शिराझच्या, इराणमधल्या ज्यू. सत्त्याहत्तरमध्ये शिकायला लंडनला आल्या, मग तिकडे क्रांती झाली, मग इथे एलिझर भेटला. मराठी त्यांनी पेणच्या सासूकडून उचललं, त्यामुळे आमच्या मुलांपेक्षा चांगलं बोलतात. एलिझर जाऊन सहा वर्षं झाली. त्या कधी न सांगता येत नसत.

त्या बसल्या नाहीत. पार्लमेंटचा छाप असलेली दोन पाकिटं त्यांनी टेबलावर ठेवली. खासदारबाईंनी प्रत्येक सही करणाऱ्याला आभाराचं पत्र धाडलं होतं. एका पाकिटावर होमावहिनींचं नाव. दुसऱ्यावर मिस्टर बेहरूझ शकीबियान, पत्ता त्यांच्याच घरचा.

"शालोमभाई, हे काय आहे?"

"ते आपण एम्पींना दिलं ना पत्र, इराणच्या कराराचं. त्याचं अ‍ॅक्नॉलेजमेंट. मी तुम्हाला सांगणारच होतो."

"बेहरूझ कोण, ठाऊक आहे तुम्हाला?"

"तुमचे भाऊ ना? तुमच्याकडे राहायला आलेत ना?"

"माझा भाऊ शिराझला राहतो. जन्मला तिथेच, दुकान तिथेच, बायको-मुलं तिथेच. त्याला बीपीचा त्रास झाला म्हणून मी आशीर्वादाला नाव दिलं." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आमचे लोक तिथे राहतात, शालोमभाई. सिनेगॉग आहे, शाळा आहे, सगळं आहे. फक्त बाहेरच्यांशी सरकारबद्दल बोलायचं नाही. एवढं एकच सांभाळायचं. ते त्यानं त्रेचाळीस वर्षं सांभाळलं. आणि तुम्ही त्याच्या नावानं ब्रिटिश सरकारला लिहिलंत."

माणूस किती हलका असतो बघा. पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते हे:

"वहिनी, आपल्या इल्फर्डचं पत्र तिकडे कोण बघतंय?"

"बघितलं जावं म्हणूनच लिहिलंत ना?"

फ्लोरा स्वयंपाकघरातून आली आणि त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी खासदारबाईंच्या ऑफिसात हजर. कोट नाही, टाय नाही. तिथे तनिषा नावाची मुलगी लोकांची कामं बघते. जन्म इथला, आजी-आजोबा ठाण्याचे. मागच्या वेळी माझं आडनाव वाचून ती हरखली होती.

"हाय अंकल! बसा ना. माझा आजी तुमचा फोटो बघून एकदम खूश झाला."

मी म्हणालो, टायपिंगची चूक झाली आहे, एक नाव काढायचंय.

"ओह, नो वरीज. चूक होतो. लेटर तर आम्ही फॉरेन ऑफिसला फॉरवर्ड केला आहे, पण मी त्यांना ईमेल करते. एकच नाव ना? बाकी सगळ्या लोकांनी स्वतः साइन केला आहे?"

"हो," मी म्हणालो.

हे दुसरं खोटं. पहिलं पत्रावर होतं, हे तोंडी.

ती भराभर टाइप करायला लागली आणि मला वाचून दाखवायला लागली. अमुक तारखेच्या पत्रातलं बेहरूझ शकीबियान हे नाव चुकीनं आलं आहे, तरी ते वगळावं. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं. शंभर नावांमध्ये ते एक नाव कोणाच्या नजरेत भरलं नसतं. आता मी त्याच्यावर बोट ठेवत होतो.

"थांब," मी म्हणालो. "पाठवू नकोस. सगळंच पत्र मागे घे."

"सगळा लेटर? बट व्हाय, अंकल?"

मग मी सांगितलं. मलिदा, यादी, बेचाळीस. तिनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. वीस-बावीस वर्षांची पोर, पण तिचा चेहरा असा झाला की मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"यू पुट पीपल्स नेम्स विदाउट आस्किंग देम?"

"हो."

"राइट. आय विल हॅव टु टेल हर, मिस्टर नागावकर." त्यानंतर ती मराठीत बोलली नाही आणि मला अंकलही म्हणाली नाही.

पत्र मागे घेतलं गेलं. संघटनेच्या बाईंना मी स्वतः फोन केला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हाऊ व्हेरी डिसअपॉइंटिंग," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि पत्र वेबसाइटवरून संध्याकाळपर्यंत उतरलं. अकरा दिवस ते तिथे होतं. कोणी पाहिलं, कोणी उतरवून घेतलं, हे कळायला मार्ग नाही. मंडळाची झूमवर सभा बोलावून मी सगळ्यांसमोर कबूल केलं आणि राजीनामा दिला. काही जण म्हणाले, जाऊ दे रे शालोम, चांगल्या हेतूनं केलंस. त्यांचा मला राग आला. हेतू चांगला नव्हता. मला कोणीतरी 'शंभर!' म्हणायला हवं होतं.

हे सगळं मी होमावहिनींना जाऊन सांगितलं. बेहरूझला तुम्ही कळवलंत का, सावध राहायला सांगितलंत का, असंही विचारलं.

"कसं सांगू? फोनवर?" त्या म्हणाल्या. "तो फोन आणखी कोण ऐकतं हे आम्हाला माहीत नाही. सावध राहा एवढंसुद्धा म्हणता येत नाही मला." मग म्हणाल्या, "दर शुक्रवारी बारा वाजता तो फोन करतो, शब्बाथच्या आधी. उद्या या तुम्ही."

"मला फारसी येत नाही, वहिनी."

"न येऊ दे. बसा आणि ऐका."

शुक्रवारी पावणेबारालाच मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. फोन टेबलावर मधोमध. बारा वाजले. सव्वाबारा वाजले. वहिनींनी भांडी पुसली, ठेवली, पुन्हा काढून पुसली. मी मनातल्या मनात विनवत होतो, आणि विनवता विनवता लक्षात आलं की मी त्या माणसासाठी नाही, माझ्यासाठी विनवतोय. तो फोन आला की मी सुटणार होतो. याचीही मला लाज वाटली, पण विनवणं थांबलं नाही.

बारा पंचवीसला फोन वाजला. वहिनींनी स्पीकर लावला.

बेहरूझचा आवाज मोकळा होता, मोठ्यानं हसणारा. वहिनीही हसल्या. त्यांचा आवाज हसत होता, चेहरा मुळीच नव्हता. दंडाला पट्टा गुंडाळल्यासारखी खूण त्यांनी मला केली, म्हणजे बीपीची चौकशी चालली होती. मग हवा, मग कोणाचं तरी लग्न. दोन वेळा त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या आठवड्यात फोन आला नाही तर काय समजायचं, हे त्या विचारू शकत नव्हत्या. दहा मिनिटं त्या आपल्या भावाशी हसल्या आणि मी समोर बसून ते बघितलं.

शेवटी त्यांनी त्याला काहीतरी सांगितलं, त्यात एलिझरचं नाव आलं. एलिझरचा मित्र बसलाय, असं असावं. तो एकदम इंग्रजीत आला, तुटक, उत्साहानं.

"हॅलो, सर! हॅलो! यू टेक केअर ऑफ माय सिस्टर. शी सेज ऑल ऑफ यू देअर, लाइक फॅमिली. थँक यू, सर. थँक यू फ्रॉम माय हार्ट."

"नो, नो," एवढंच म्हणता आलं.

"व्हॉट इज युअर नेम, सर?"

साधा प्रश्न. माणूस माणसाला विचारतो तसा. पण मला त्या लाइनवरचे दुसरे कान आठवले. फोन कोण ऐकत असेल, नाव कुठे टिपलं जाईल, अश्दोदला बहीण आहे, तिच्यापर्यंत जाईल का. ब्रिटिश पासपोर्ट कपाटात असलेल्या, इल्फर्डमध्ये गरम रेडिएटरला पाठ टेकून बसलेल्या मला कोण काय करणार होतं? तरी जीभ उचलेना. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"नेबर," मी म्हणालो. "आय अ‍ॅम जस्ट अ नेबर."

होमावहिनींनी फोन माझ्यासमोरून उचलला, स्पीकर बंद केला, आणि भावाशी बोलत बोलत त्या दुसऱ्या खोलीत निघून गेल्या.