थोरलीच्या ठोक्यावर

मित्रांनो, मी एक जुनी तक्तपोशी आहे. तक्तपोशी म्हणजे लाकडी फळ्या जोडून केलेली जमीन. हातातले काही खाली पडले तरच लोक माझ्याकडे पाहतात, त्यामुळे माझ्याजवळ सांगण्यासारखे काही आहे की नाही, याची मलाच शंका आहे. तरी ऐकून घ्या. कंटाळा आला तर खुशाल उठून जा. उठू पाहणारे पाय मला आधीच कळतात, आणि मी राग धरत नाही.

माझा जन्म दोऱ्याच्या रिळांच्या कारखान्यात झाला. सुताराने मला वरच्या मजल्यावर बसवले, म्हणून मी खालच्यांचे छत आणि वरच्यांची जमीन. खाली यंत्रे दोरा गुंडाळत. वर माणसे उभ्या-उभ्या रिळे खोक्यांत भरत.

खालचे सर्वांत जुने, दांडगे यंत्र म्हणजे 'थोरली'. तिचा ठोका माझ्या फळीफळीतून वर येई. चालता चालता ती दर वेळी ठरावीक जागी एक ठोका गिळून टाकी आणि काही झालेच नाही अशा थाटात पुढे जाई. तिची देखभाल करणारे फिटरकाका या खोडीपायी मेटाकुटीला आले होते. त्यांनी तिचे दाते बदलले, पट्टे बदलले. थोरली ऐकेल तर शपथ.

दिवसभर उभे राहून वरच्या माणसांच्या पायांना मुंग्या येत. म्हणून मुकादमबाईंनी एक रीत पाडली. चहाच्या सुट्टीत सगळ्यांनी गोल करायचा, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि पाय आपटायचे. ताल खालून फुकट मिळत होता. हळूहळू त्याचा नाच झाला. कोणाचे लग्न ठरले की गोल, कोणाची बदली झाली की गोल. कोणाची आई गेली, तर कामावर परतलेल्या त्या माणसालाही गोलात ओढून घेत. कोणी काही विचारत नसे. खांद्यावर हात असे, तेवढे पुरे होई. त्या पायांचा जडपणा कमी होताना मला कळे. मला भारी आनंद वाटे, पण तो दाखवणार कसा?

मग कारखानाच बंद झाला. थोरलीचे तुकडे ट्रकमध्ये चढले. खाली गोदाम आले. वरची खोली मालकांनी वस्तीतल्या लोकांना वापरायला दिली, पण वापरणार कोण? जो तो नोकरीच्या शोधात. माझ्यावर धूळ बसली आणि फळ्या सुकू लागल्या.

एका शनिवारी मुकादमबाई झाडू घेऊन आल्या. मागोमाग जुनी मंडळीही जिना चढून आली. ताल द्यायला माउथ ऑर्गन घेऊन पोस्टमनदादा आले. ते कधी कारखान्यात नव्हते, पण वाजवत झकास. गोल झाला, सूर लागला, आणि थोड्याच वेळात सगळे एकदम अडखळले.

"कोणी पाय दिला माझ्या पायावर?"

"तूच दिलास. घरी बसून जाड झालीस, एवढंच."

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. पुढच्या शनिवारी माणसे कमी आली, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी कमी. "नाचसुद्धा विसरलो आपण," एक जण म्हणाला, आणि त्यावर कोणी हसले नाही.

मुकादमबाई म्हणाल्या, "आता एकच शनिवार बघू. नाही जमलं तर कुलूप लावू."

फिटरकाकांची लेक तिथेच उभी होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, मग बाबांना मी कुठे नेऊ? थोरली गेल्यापासून ते खिडकीशी बसून असतात. उंबरा ओलांडत नाहीत. जेवा म्हटलं तर 'ठेव' म्हणतात."

"नाचायला चला म्हणून बघितलंस?"

"म्हटलं. तोंड फिरवलं त्यांनी."

"मग नाच नको सांगूस. काम सांग."

पुढच्या शनिवारी लेकीने त्यांना सांगितले, की वरची एक फळी करकरते, कोणीतरी पडेल. काका हातोडा घेऊन आले. खरे सांगते, माझी एकही फळी करकरत नव्हती. ते बिचारे गुडघ्यांवर बसून मला ठोकत राहिले.

"कुठे करकरते ग?"

"जरा त्या कोपऱ्यात बघा, बाबा."

तेवढ्यात पोस्टमनदादांनी सूर धरला. गोल फिरला आणि नेहमीच्याच ठिकाणी अडखळला. काकांचा हात थांबला. "पुन्हा वाजवा," ते म्हणाले. पुन्हा सगळे अडखळले. काका माझ्याकडेच बघत म्हणाले, "पोस्टमन बरोबर वाजवतोय. तुम्हाला थोरलीची सवय. ती इथे ठोका गिळायची." मग खालच्या आवाजात म्हणाले, "जन्म गेला, पण तिची ती खोड काही मला काढता आली नाही. लाज वाटायची."

मुकादमबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो फिटर, त्या गिळलेल्या ठोक्यालाच तर आम्ही पाय उचलायचो. तुम्ही तिला नीट केली असती, तर आमच्या नाचातली मजाच गेली असती."

काकांनी हातोडा उलटा धरला. मग त्यांनी हातोड्याच्या दांड्याने माझ्यावर ताल धरला. हुबेहूब थोरली. तोच तोरा, मध्येच गिळलेला तोच ठोका. पोस्टमनदादा त्यांच्या मागून वाजवू लागले. सगळे पाय एकदम उचलले गेले आणि एकदम माझ्यावर पडले. खाली गोदामातला रखवालदार दचकून बाहेर धावला, असे नंतर कळले.

"बाबा, ठेवा तो हातोडा," लेक म्हणाली.

"मला नाही नाचता येत."

"येतं कोणाला?" मुकादमबाई म्हणाल्या. "पडू नये म्हणून आम्ही एकमेकांना धरतो. लोक त्याला नाच म्हणतात."

काका उठले. त्यांचे पहिले पाऊल चुकले, हे फक्त मला आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खांद्यांना ठाऊक.

नाचाने कोणाची नोकरी परत आली नाही, मित्रांनो. उगाच मोठेपणा कशाला सांगू? पण गोलात माणसे एकमेकांना विचारू लागली, की कुठे जागा आहे, कोणाच्या ओळखीने काम मिळेल. काका आता सायकली दुरुस्त करतात आणि घरी ताट वाढले की वेळेवर जेवतात. मागच्या महिन्यात त्यांनीच पोस्टमनदादांना सांगितले, "आज सरळ चालीवर वाजव. थोरली गेली, आता हेही शिकू." त्या दिवशी सगळे इतके चुकले, की हसून हसून दोघी माझ्यावरच बसल्या. तरी गोल मोडला नाही.

माझी एकच विनंती आहे. लाकडी जमीन पायांवाचून सुकते, तिला बंद करून ठेवू नका. आणि तुमच्या घरी कोणी असे खिडकीशी बसून असेल, तर त्यांनाही घेऊन या. नाचायचे नाव काढू नका. फळी करकरते म्हणा. तुमच्यासाठी करकरायला मी एका पायावर तयार आहे.