बायूकाठचा पंप आणि एल्मीरचा उंबरठा

दचकू नका, जिन्याखालून बोलतोय तो मीच. मी पाणी उपसायचा पंप आहे. पेट्रोलवर चालतो, अंगाने लाल आहे, म्हणजे होतो. निम्मा रंग उडालाय. पण दम कायम आहे. वादळानंतर लोकांच्या घरातलं पाणी मी पितो आणि बाहेर टाकतो. चव विचारू नका.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. बाहेर बर्फ पडत होता. तिथून ट्रकमध्ये बसून मी पार दक्षिणेला, लुइझियानाच्या किनाऱ्यावर आलो. इथे समुद्र आणि जमीन यांच्यात नीट वाटणी झालेली नाही. मधूनमधून संथ पाण्याच्या खाड्या शिरलेल्या असतात, त्यांना बायू म्हणतात. अशाच एका बायूच्या काठावरच्या दुकानात, बादल्या आणि ताडपत्र्यांच्या मधे मला बसवलं.

दुकानात राहून मला माणसांची एक गंमत कळली. आकाश निळं असलं की माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. रेडिओवर वादळाचं नाव आलं की झुंबड उडायची. शेवटच्या ताडपत्रीची दोन टोकं दोघांनी धरून ओढलेली मी पाहिली आहेत, आणि दोघंही एकाच चर्चमध्ये शेजारी बसणारे!

मला नेलं ते मात्र कडक उन्हाच्या दिवशी. क्लोव्हिस व्हर्डिन नावाचा कोळंबीवाला आला. उंच, सुकलेला, डोक्यावर कायम टोपी.

"आज पंप? ढगाचा ठिपका तरी दिसतोय का?" दुकानदार हसला.

"म्हणून तर आलो. ढग आले की तू ओळख दाखवत नाहीस," क्लोव्हिस म्हणाला आणि मला खांद्यावर घेऊन निघाला.

क्लोव्हिसचं घर उंच लाकडी खांबांवर उभं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मधे एक चर, आणि चराच्या पलीकडे एल्मीर ओथमाँचं घर. ते मात्र जमिनीवर बसलेलं, बुटकं, ठेंगण्या उंबरठ्याचं. एल्मीरने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं. तिचाही नवरा गेला होता. ती आणि क्लोव्हिस एकाच वर्गात शिकलेली, त्यामुळे अरे-तुरेचं नातं आणि रोजचं भांडण.

"घर उचलून घे, एल्मीर. खांब मी रोवून देतो."

"मला नाही बगळ्यासारखं काठ्यांवर राहायचं! भाजी आणायला उतरा, कुत्र्याला हाकलायला उतरा. गुडघे तुझे आहेत का माझे?"

मी कामाला लागलो ते बहुतेक तिच्याच अंगणात. जोराचा पाऊस झाला की क्लोव्हिस मला चरावरून उचलून न्यायचा. पाणी उपसून झालं की ती माझी जाळी धुऊन, अंग पुसून मला परत पाठवायची, आणि सोबत गम्बोचं पातेलं. कोळंबी, सॉसेज, दाट रस्सा, वर भात. क्लोव्हिस मला कोपऱ्यात ठेवून आधी पातेल्याचं झाकण उघडायचा. मला कधी वाईट वाटलं नाही.

मग एका वर्षी मोठं वादळ आलं आणि एल्मीरच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. पाणी मी उपसलं, पण भिंतींनी आत किती पिऊन ठेवलंय ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वरवर सगळं कोरडं दिसत होतं. काही दिवसांनी भिंतींवर काळी बुरशी चढली. एल्मीरला खोकला लागला तो महिनोन् महिने हटेना. तिची मुलगी जिनेट ह्यूस्टनहून धावत आली.

"ममा, आता बस झालं. चल माझ्याकडे."

"मी इथंच बरी आहे."

"पुन्हा पाणी आलं तर?"

एल्मीर चिडून म्हणाली, "पुन्हा पाणी हा उंबरठा ओलांडून आत आलं ना, तर मी हे घर सोडेन. झालं समाधान?"

"शब्द?"

"शब्द." आणि एल्मीर शब्दाची पक्की होती, हे अख्ख्या बायूला माहीत होतं.

त्यानंतरची काही वर्षं शांततेत गेली आणि शांततेत माझं वाटोळं झालं. टाकीत जुनं पेट्रोल तसंच राहिलं, ते आटून डिंकासारखं झालं. उंदराने माझ्या पाईपात संसार थाटला. क्लोव्हिस रोज समोरून जायचा आणि मला म्हणायचा, "आराम कर गड्या." केला आराम. आरामानेच घसा बसला.

मग पुन्हा रेडिओवर वादळाचं नाव आलं.

दोन्ही घरांत धावपळ उडाली. क्लोव्हिस शिडी लावून एल्मीरच्या छपरावर चढला, पन्हळीतला पालापाचोळा काढला, खिडक्यांवर प्लायवूड ठोकलं. एल्मीरने गालिचे गुंडाळून पलंगावर टाकले, फ्रिज विटांवर चढवला, फोटो प्लास्टिकमध्ये बांधून सर्वांत वरच्या फळीवर ठेवले, न्हाणीघराच्या मोरीत बोळे कोंबले. खालून गटाराचं पाणी उलटं येतं, ते ती मागच्या वेळी शिकली होती. मग दोघांनी मिळून घराभोवती वाळूच्या पोत्यांचा बांध घातला.

"ते पोतं आडवं लाव," क्लोव्हिस म्हणाला.

"आडवंच आहे."

"तुझ्यासारखं आडवं नाही, सरळ आडवं!"

तिने त्याच्या अंगावर मूठभर वाळू फेकली. वीज बंद करून, दारं लावून दोघं त्याच्या ट्रकमधून उंचावरच्या शाळेच्या इमारतीत आसऱ्याला गेली. मी क्लोव्हिसच्या ओसरीत, खांबाला बांधलेला. वाऱ्याने काय काय नेलं! एक खुर्ची माझ्या समोरून उडत गेली, आणि तिच्या मागोमाग कुणाची तरी टपालपेटी. मी डोळे मिटून घेतले असते, असते तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परतली तेव्हा आकाश धुतल्यासारखं होतं. वारा गेला होता, पण वरच्या भागातलं पावसाचं पाणी आता बायूत उतरत होतं आणि बायू फुगत चालला होता. बांध टिकला होता, पण पोत्यांच्या खालून पाणी झिरपून आत साचलं होतं. उंबरठ्याला दोन बोटं कमी.

"पंप!" एल्मीर ओरडली.

क्लोव्हिसने मला खाली आणलं, पाईप टाकला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मी जिवाचं रान करत होतो, पण घशात ते जुनं पेट्रोल चिकटून बसलेलं. तो ओढत राहिला, घामाने निथळला.

"कितीदा ओढशील? खांदा निखळेल," एल्मीर म्हणाली. "शेवटचा चालवलास कधी?"

त्याने पुन्हा दोरीला हात घातला.

"बोल की!"

"तुझ्या घरात पाणी शिरलं होतं तेव्हा."

"आणि मला घराची अक्कल शिकवतोस! सरक."

ती माझ्यासमोर पालथ्या क्रेटवर बसली. शाळेतल्या शेगड्यांची तोंडं तिने जन्मभर साफ केली होती. तिने माझा घसा, म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडणारा कार्ब्युरेटर, उघडला, वास घेऊन नाक मुरडलं, डोक्यातली पिन काढली आणि बारीक भोकातला डिंक कोरून काढला. क्लोव्हिस धावत जाऊन होडीतलं ताजं पेट्रोल घेऊन आला आणि पाईप झटकून उंदराचं घरटं बाहेर काढलं.

त्या गडबडीतच पाणी उंबरठ्यावर चढलं. आवाज न करता, पातळ काचेसारखं, स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरलं.

"आलं," एल्मीर म्हणाली. एवढंच.

क्लोव्हिसने दोरी ओढली. मी खोकलो, काळा धूर ओकलो, आणि चालू झालो! असा गरजलो की चरातली बदकं उडाली. पण त्या दोघांना आनंद झालेला दिसला नाही.

"पुसून टाकू. जिनेटला कळवायची गरज काय?" तो हळूच म्हणाला.

"मी शब्द दिलाय, क्लोव्हिस."

तो माझ्याकडे वळला. मला त्याने दिवसभर बाहेरच ठेवलं, वारा धूर घरापासून लांब नेईल अशा जागी. "याचा धूर आत कोंडला तर माणूस बसल्या जागी जातो," तो म्हणाला आणि फक्त पाईप आत नेला. दोघं आळीपाळीने माझ्यापाशी बसली, थर्मासमधली काळी कॉफी एकाच झाकणातून प्याली. दुपार कलली तसा बायू ओसरायला लागला आणि उंबरठा पुन्हा दिसला.

या वेळी त्यांनी कोरड्या दिसण्यावर विश्वास ठेवला नाही. सगळी दारं-खिडक्या उघडल्या, भिंतींचे खालचे तक्ते कापून काढले, ऊन-थंडी अडवायला आत भरलेला कापूस ओला झाला होता तो उपसून बाहेर टाकला, लाकडाला वारा लागू दिला. एल्मीर घाण पुसत होती आणि प्रत्येक खोलीकडे थोडं जास्तच बघत होती. संध्याकाळी तिने जिनेटला फोन केला आणि खरं ते सांगितलं.

पुढच्या दिवशीही वीज आली नव्हती. प्रत्येकाच्या फ्रीझरमधलं सामान वितळत होतं, म्हणून सगळा शेजार ते घेऊन क्लोव्हिसच्या घराखाली, खांबांच्या सावलीत जमला. कोळंबी, बदकं, सॉसेज, कुणाची तरी नाताळसाठी राखलेली टर्की. मोठाल्या पातेल्यांखाली जाळ पेटला, कुणीतरी अकॉर्डियन काढलं. चिखलाचे बूट घालून लोक नाचायला लागले. घरं गेलेली माणसंसुद्धा. एल्मीर झारा घेऊन सगळ्यात मोठ्या पातेल्याशी उभी होती.

इतक्यात जिनेटची गाडी आली. तिने आईला घट्ट मिठी मारली. "ममा, रिकाम्या बॅगा आणल्यात."

"बरं केलंस. जेव, मग भरू," एल्मीर म्हणाली. आणि ती झारा त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

क्लोव्हिस पुढे आला. हात पेट्रोलने माखलेले. "जिनेट पोरी, एक विचारू? तुझ्या आईने नक्की काय कबूल केलं होतं?"

"पाणी आत आलं तर घर सोडेन म्हणून."

"ह्यूस्टनला येईन म्हणाली होती?"

जिनेटने आईकडे पाहिलं. "तसं... घर सोडेन, एवढंच म्हणाली."

"मग सोडू दे की! माझं घर रिकामंच आहे. आणि पाण्याला अजून जिना चढता आलेला नाही."

अकॉर्डियन थांबलं.

"माझ्याबद्दल चाललंय ना?" एल्मीर गरजली. "मग तिला काय विचारतोस? मला विचार!"

"तुझ्या हातात झारा आहे."

तिने झारा खाली ठेवला. क्लोव्हिसने टोपी काढली. इतक्या वर्षांत त्याचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं.

"एल्मीर, माझ्याकडे राहायला येशील? लग्न करून. पाण्याच्या भीतीने नाही. मला बरं वाटेल म्हणून."

"स्वयंपाकघर माझं."

"तुझं."

"चिखलाचे बूट खाली."

"खाली."

"आणि जिन्याला कठडा हवा. गुडघे माझे आहेत."

"उद्याच लावतो."

ती जिनेटकडे वळली. जिनेट रडत होती आणि हसत होती. "ममा, निदान बॅगा तरी वाया नाही गेल्या," ती म्हणाली. "चल, चरापलीकडे नेऊ." मग जो काही गलका झाला, त्यात माझं इंजिनही ऐकू गेलं नसतं.

लग्नाआधी चर्चच्या तळघरवजा खोलीतलं पाणी मीच उपसलं. करवली म्हणा हवं तर. एल्मीरचं जुनं घर शेजाऱ्यांनी मिळून सुकवलं आणि खांबांवर उचललं. आता सुट्टीत जिनेट तिथे उतरते.

माझा मुक्काम आता या जिन्याखाली, फळीवर. टाकीत जुनं पेट्रोल ठेवत नाहीत. अधूनमधून पूर नसतानाही मला पाण्याच्या बादलीत पाईप टाकून चालवतात, तेवढाच घसा मोकळा राहतो. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद पडून असेल तर त्यालाही कधीतरी बोलतं करा. आकाश निळं असतानाच पन्हळी साफ करा. आणि पाणी ओसरलं की कोरड्या दिसणाऱ्या भिंतीवर विसंबू नका. तिला उघडा, वारा लागू द्या. बाकी वादळ कुणाचं ऐकत नाही.

ही बघा, ती दोघं जिना उतरतायत. पुढे ती, मागे तो, आणि अर्ध्या जिन्यातच वाद सुरू झालाय, गम्बोत मिरची किती घालायची यावरून. मला ऐकायचाय तो. तुम्ही या कधीतरी बायूवर. फक्त पाणी घेऊन येऊ नका, भूक घेऊन या.