आधी स्विच, मग मी

हो, मीच बोलतोय, सतरा-एकोणीस नंबरचा पाना, नट आवळणारा. अंगावर ओरखडे आहेत, तेल आहे, पण गंज शोधून दाखवा! भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म गेला, त्यामुळे जरा मोठ्यानेच बोलतो. राग मानू नका. मानलात तरी चालेल.

मी जालंधरच्या भट्टीत घडलो. धामणकर नाक्यावरच्या दुकानातून मला मुख्तारचाचांनी विकत घेतलं. चाचा एका शेठच्या कारखान्यात लूमचे फिटर. त्यांनी मला कायम चालत्या लूमवरच वापरलं. आमच्याकडची रीतच ती. लूम थांबलं की कापड थांबतं आणि शेठचा पारा चढतो. म्हणून सूत नेणारा धोटा इकडून तिकडे पळत असतानाच हात घालायचा आणि नट आवळायचा. ज्याला हे जमतं तो उस्ताद. चाचा उस्ताद होते. त्या उस्तादीत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा मी त्याच हातात होतो. लोक हळहळले आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा तसंच सुरू झालं. मला त्याची आजही चीड येते.

पुढे चाचा घरी बसले आणि मी त्यांच्या मुलाच्या, अरशदच्या हाती आलो; तोही त्याच शेठकडे फिटर. पोरगा हुशार, पण दहावी राहिलेली. त्याला ओमानमधल्या एका कापड कारखान्यात फिटर म्हणून जायचं होतं. दहावी न झालेल्याला तिकडे कामाला जायचं तर आपल्या सरकारची मंजुरी लागते, कामाचा करार दाखवावा लागतो. आणि करार देण्याआधी त्या कंपनीला कामाची परीक्षा हवी होती.

मुंबईत परीक्षा झाली. समोर चालतं मशीन, त्यात एक नट ढिला. अरशदने मला उचललं आणि थेट आत हात घातला. नट क्षणात आवळला! त्याने मोठ्या ऐटीत वर पाहिलं.

"नापास," परीक्षक म्हणाले. "आधी मशीन बंद करायचं असतं."

भिवंडीत ज्याची शाबासकी मिळते, त्यापायी तिकडची वाट बंद झाली.

मग घरी मनोज नावाचा एजंट येऊन बसला. "परीक्षा सोड रे. टुरिस्ट व्हिसावर जा. मंजुरी नको, करार नको. तिकडे हेल्पर म्हणून चिकटवतो. सगळे असेच जातात."

अरशद डळमळला. मी पिशवीत धुमसत होतो. फिटरच्या हाताला हेल्पर म्हणायचं, आणि तेही चोरून?

तेवढ्यात त्याची आई साजिदा चहाचे कप ठेवत म्हणाली, "अरे, तिकडे हात गेला तर सांगशील कुणाला? कागदावर तू तर फिरायला आलेला!"

चाचांनी उजवा हात हळूच चादरीखाली सरकवला. अरशदने ते पाहिलं.

"नाय मनोजभाई. जाईन तर फिटर म्हणून. नायतर इथंच बरा आहे."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात लूम बिघडलं. अरशदने आधी स्विच बंद केला, मग मला हातात घेतलं. शेठ धावत आला.

"बंद कशाला केलंस? पागल झाला काय?"

"शेठ, कापड थोडं उशिरा मिळेल. बोटं नाय मिळणार."

शेठने कामावरून काढायची धमकी दिली. अरशद बधला नाही. पण सवय मोठी हट्टी. कितीदा त्याचा हात चालत्या लूमकडे गेला आणि त्याने स्वतःच्याच मनगटावर चापट मारून तो मागे घेतला.

त्याच कंपनीची परीक्षा पुन्हा दिली, या वेळी आधी मशीन बंद करून. पास! करार आला, मंजुरी मिळाली, व्हिसावर 'फिटर' लिहून आलं. हत्यारं कंपनी देते, म्हणून मी मागे राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

अरशदच्या जागी शेठने चाचांनाच बोलावलं. जुना माणूस, लूम थांबवणार नाही, असा त्याचा हिशेब. काल लूम अडलं. चाचांनी मला उचललं आणि सवयीने चालत्या लूमकडे हात नेला.

मी मुद्दाम निसटलो. त्यांच्या उरलेल्या बोटांतून सुटून खण्णकन जमिनीवर पडलो. चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग मला तिथेच ठेवून स्विचपाशी गेले. लूम थांबलं.

"कोणी बंद केलं?" पलीकडून शेठ ओरडला.

"मी," चाचा म्हणाले, आणि सावकाश वाकून त्यांनी मला उचललं.

शेठ आजही ओरडतोय. ओरडू दे. तुमच्या हातात कधी पाना आला, तर आधी स्विच बंद करा. नाहीतर मी पुन्हा निसटेन.