द्राक्षाच्या बरणीतलं भूत

टक्.

बाळ नुकतंच झोपलं होतं, घर सामसूम होतं, आणि बरणीचं झाकण आपसूक उचललं जाऊन परत बसलं. आत द्राक्षांचा रस विस्तवाशिवाय उकळत होता.

बरणी आत्याबाईंची, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्याची. परसातल्या वेलीची द्राक्षं त्यांनी न धुताच चिरडून घरच्या वाइनसाठी भरली होती. शेजारीण ते बुडबुडे बघून किंचाळत पळाली. दिवस मावळायच्या आत अंगणात अख्खी गल्ली, मधोमध बुवा.

"जाळ नाही, तरी उकळतंय! आत तहानलेला आत्मा आहे!" बुवाने पेटती मेणबत्ती दोरीने बरणीत सोडली. विझली. त्याने आत्याबाईंकडे बोट रोखलं. "पाहिलंत? आज ज्योत गिळली, उद्या पोरं गिळेल. हिनेच आणलाय, हिच्याच तोंडून काढतो!"

गर्दीने हात जोडले. माझ्या नवऱ्याने आत्याबाईंचे हात मागे धरले. बुवाने कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका पाठीवर, दुसरा तोंडावर. दात तुटून पायरीवर पडला.

"मेल्या, द्राक्षं चिरडलीत मी, माणसं नाही!" आत्याबाई रक्त थुंकत ओरडल्या.

"ऐका, आत्माच बोलतोय!" बुवा गरजला.

बोललं तरी भूत, गप्प बसलं तरी भूत. मी पातेलं आणलं, खायचा सोडा ओतला, वर लिंबं पिळली. फसफसलं. मेणबत्ती आत धरली. विझली.

"माझ्याही पातेल्यात आत्मा आहे. या, आता मला मारा!"

मी आत्याबाईंच्या बरणीवर हात ठेवला.

"द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतं, पावाचं पीठ फुगवतं ना, तसलंच. ते रसातली साखर खातं आणि वायू सोडतं. त्याचेच बुडबुडे, त्यानेच झाकण उडतं, त्यातच ज्योत गुदमरते. बुवा, तुमच्या आत्म्याला बेकरीवाला रोज पहाटे तुडवतो!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बुवाने पट्टा माझ्यावर उगारला. नवऱ्याची पकड सैल झाली होती. आत्याबाईंनी उरल्यासुरल्या दातांनी बुवाचं मनगट असं धरलं की पट्टा टाकूनच तो पळाला.

लोकहो, पुढच्या खेपेला हात उगारण्याआधी एवढंच विचारा, हे होतं कशाने? उत्तर मिळेपर्यंत हात खाली राहू द्या.

गल्ली पांगली. मी आत्याबाईंच्या ओठांवरचं रक्त पुसत होते. नवरा दाराशी मान खाली घालून उभा. थोरली लेक बरणीत डोकावली.

"आई, ह्यात भूत नव्हतंच?"

"नव्हतं गं, सोन्या."

"मग बाबांनी आत्याआजीचे हात कशाला धरले होते?"