नकोवाले

लाँड्रीवाल्या काकूंच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्या जिभेवरून एक पंथ निघेल, असं मात्र खुद्द काकूंनाही कधी वाटलं नव्हतं.

झालं होतं असं. त्या दिवशी सकाळपासून गिऱ्हाइकांनी डोकं खाल्लं होतं. कोणाला कोट आत्ताच हवा, कोणाला न जाणारा डाग गेलेला हवा. आणि काका इस्त्री उभी करून कोपऱ्यात डोळे मिटून पुटपुटत होते, गुडघा बरा होऊ दे, नवं मशीन मिळू दे, पोरीचं लग्न जमू दे. काकूंचं टाळकं सटकलं.

"अहो, लोक दिवसभर 'द्या, द्या' करतात तेव्हा तुम्हाला जीव नकोसा होतो ना? मग देवाच्या काउंटरवर जाऊन तुम्ही वेगळं काय करता? मागू नका काही. बसा त्याच्याजवळ, आज काय झालं ते सांगा आणि उठा. त्यालाही जरा बरं वाटेल."

एवढं बोलून त्या शर्टांना चिठ्ठ्या टाचायला वळल्या आणि विसरूनही गेल्या. काका विसरले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी देवाला नुसता दिवस सांगितला आणि मागणं काही केलंच नाही. त्या रात्री त्यांना अशी झोप लागली, की सकाळी काकूंना हलवून उठवावं लागलं.

पुढे समोरचा इलेक्ट्रिशियन येऊन बसू लागला, मग त्याची बहीण, मग निवृत्त हेडमास्तर. संध्याकाळी शटर अर्धं ओढायचं, टांगलेल्या कपड्यांच्या रांगांमध्ये बसायचं, एकेकानं आपला दिवस सांगायचा आणि 'काही नको' म्हणून उठायचं. गल्ली त्यांना 'नकोवाले' म्हणून हसली, पण माणसं वाढत गेली. दुकान पुरेना, तेव्हा शाळेचा हॉल घेतला. काका सांगत, "मला आतून आवाज आला." काकू मनात म्हणत, आतून कसला, काउंटरवरून. पण नवऱ्याचा चेहरा उजळलेला दिसे, म्हणून त्या गप्प बसत. दुकान एकटीनं ओढावं लागे, तेही त्यांनी ओढलं.

हळूहळू नाकापेक्षा मोती जड झाला. एकदा एक बाई हॉलमध्ये रडत म्हणाली, "माझ्या मुलाला बरं कर रे." हेडमास्तरांनी नियमावर बोट ठेवून तिला सगळ्यांदेखत बाहेर काढलं. काकांनी पुढच्याला दिवस सांगायची खूण केली. काकूंनी पायरीवर बसून तिला पाणी पाजलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नवऱ्याची लाज वाटली.

आणि आज हॉस्पिटलात त्यांची स्वतःची लेक बाळंतपणाला आत होती. दुपारी डॉक्टरीण बाहेर आली. "बाळ छान आहे. आईचा रक्तस्राव थांबत नाहीये. आम्ही झटतोय," म्हणाली आणि परत आत गेली. जावई भिंतीला टेकून खालीच बसला.

कॉरिडॉरभर नकोवाले बसले होते. सगळ्यांचे डोळे काकांवर. हेडमास्तर त्यांच्या कानाशी वाकले. "काका, हीच परीक्षा. तुम्ही टिकलात तर पंथ टिकला."

"पंथ गेला खड्ड्यात," काकू म्हणाल्या. "अहो, मागा."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं, कसं मागू? त्या बाईला आपण उठवलं. तिला काय तोंड दाखवू?"

"तिचे पाय मी धरीन. तुम्हीही धरा. पण आधी मागा."

"काकू," हेडमास्तर म्हणाले, "हा काकांना झालेला साक्षात्कार आहे. तो मोडायचा अधिकार तुम्हाला नाही."

"साक्षात्कार? शर्टांना चिठ्ठ्या टाचता टाचता मी बोलले होते ते. वैतागून. विचारा यांना!"

सगळे काकांकडे बघू लागले. त्यांनी मान खाली घातली. "तिचंच वाक्य आहे. मी कधी कोणाला सांगितलं नाही."

"माझं होतं, मी मागे घेते," काकू म्हणाल्या. "मला तेव्हा काय कळत होतं? गिऱ्हाइकांचा राग होता नुसता."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलले. "आज सकाळी पोरीला इथं आणलं. वाटेत ती हसत होती..." इतक्या वर्षांची सवय, ते दिवसच सांगू लागले होते.

काकूंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "सांगत बसू नका. त्याला ठाऊक आहे सगळं. मागा!"

"माझी पोर..." काकांचा आवाज फुटला. "माझी पोर मला परत दे."

"मोठ्यानं."

"माझी पोर मला परत दे!"

कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला तो आवाज. हेडमास्तरांनी पिशवी उचलली आणि ते चालू लागले. त्यांच्यामागे आणखी काही जण उठले. इलेक्ट्रिशियन मात्र जागचा हलला नाही. थोड्या वेळानं तो भीत भीत म्हणाला, "दे रे." मग त्याची बहीण म्हणाली, मग तिच्या शेजारचा.

कोण गेलं, कोण राहिलं, हे काकूंनी बघितलंच नाही. त्या बंद दारासमोर उभं राहून मागत होत्या, आणि मिळेपर्यंत तिथून हलायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.