रुद्राक्षाला चेहरा लागतो

धायरीतल्या त्या मंगल कार्यालयात लग्नालाही होत नाही एवढी गर्दी झाली होती, आणि पुढच्या खुर्च्यांवरून भांडणं मात्र लग्नातल्यासारखीच चालली होती. स्टेजवर वेदनाहर महाराज बसले होते. डाव्या हाताच्या चिमटीत काळा दोरा, दोऱ्याला सुपारीएवढा रुद्राक्ष. उजव्या हाताने ते रोग्याला डोक्यापासून दाबत दाबत खाली येत. दुखऱ्या जागी हात पोचला की रुद्राक्ष गरगर फिरू लागे. तोवर रोग्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असा दंडक होता.

"पुण्यातले मोठमोठे डॉक्टर काय करतात?" महाराज माइकवर म्हणाले. "विचारतात. कुठे दुखतं, दहापैकी किती दुखतं. तान्हं बाळ काय आकडा सांगणार? आम्ही विचारत नाही. वेदनेला व्हायब्रेशन असतं, ते रुद्राक्ष पकडतो. प्युअर सायन्स आहे हे."

सायन्स हा शब्द ऐकला की शिकलेली माणसंही निर्धास्त होतात. कार्यालयातली सगळी डोकी डोलली.

शेफाली मागच्या दाराशी उभी राहून हे ऐकत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. ती भूलतज्ज्ञ. तान्ह्या पोरांपासून नव्वदीच्या म्हाताऱ्यांपर्यंत कोणाला किती दुखतंय हे ओळखायचं, हे तिचं रोजचं काम. सकाळी शर्मिलावहिनीचा चोरून फोन आला होता: आजी चार दिवसांपूर्वी न्हाणीघरात पडल्यापासून उठलेल्या नाहीत, आणि मामंजी त्यांना दवाखान्याऐवजी महाराजांकडे नेतायत. शेफाली कोथरूडहून स्कूटरने धावतपळत आली होती. घाईत स्टँड लावताना गाडी पायाच्या अंगठ्यावर आली, नख उखडलं, तरी बुटातला अंगठा ठणकत असताना ती तशीच आत शिरली होती.

मामंजी म्हणजे शर्मिलाचे सासरे, शेफालीचे चुलते जयसिंगराव. ते या सोहळ्याचे यजमान होते. त्यांनी आधी आपला नातू पुढे केला. शर्मिलाचा साई रात्रभर रडत होता. महाराजांनी त्याच्या कानामागे दाबलं, रुद्राक्ष फिरला. मग 'अमृतजला'त बुडवलेलं बोट त्याच्या तोंडात घातलं आणि बाळ चुटकीसरशी गप्प झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"साखरेचं पाणी," शेफाली पुटपुटली. टोचताना बाळ रडू नये म्हणून तिच्या वॉर्डातही जिभेवर गोडाचे थेंब देत. त्याने बाळ घटकाभर शांत राहतं, कान बरा होत नाही.

मग आजींना, म्हणजे जयसिंगरावांच्या आई सोजरबाईंना, खुर्चीतून वर आणलं. आजींना अलीकडे माणसं ओळखू येत नव्हती. महाराजांचा हात डाव्या खुब्यावर गेला आणि रुद्राक्ष भोवऱ्यासारखा फिरला. महाराजांनी मोरपीस फिरवलं, भस्म लावलं आणि माइक आजींच्या तोंडापुढे धरला.

"आजी, आता दुखतंय का?"

"न्हाई. बरं हाय," आजी म्हणाल्या.

कार्यालय दणाणलं. जयसिंगराव डोळे पुसू लागले. महाराज म्हणाले, आरती होऊ द्या, मग आजी स्वतःच्या पायांनी स्टेजला फेऱ्या घालतील. दोन दणकट सेवक खुर्चीच्या आजूबाजूला येऊन उभेही राहिले.

शेफाली गर्दीतून वाट काढत पुढे धावली. खुब्याचं हाड मोडलं असेल आणि आजींना तसंच उभं केलं, तर मोडलेली टोकं सरकतील. ती स्टेजवर चढली.

"काका, आजींना उठवू नका."

"शेफे, गप खाली बस. तुज्या डॉक्टरकीला कुनी इचारलं न्हाई," जयसिंगराव दात ओठ खात म्हणाले. "आई सोता म्हनली, बरं हाय."

शेफाली आजींपुढे वाकली. "आजी, जेवलात?"

"बरं हाय."

"तुमचं नाव काय?"

"बरं हाय."

मागे कुणीतरी हसलं. त्या घरात बाईमाणसाने दुखणं बोलून दाखवायची पद्धतच नव्हती. सासऱ्यापुढे, दिरांपुढे, पावण्यांपुढे सोजरबाई जन्मभर एवढंच बोलल्या होत्या, आणि सगळं विसरल्यावर तेवढंच उरलं होतं. महाराजांनी ते उत्तर चमत्कार म्हणून खपवलं होतं.

सेवक शेफालीला धरायला आले. ती माइकवर म्हणाली, "मीही रोगीच आहे. मला ठणका लागलाय. महाराजांनी शोधावा. सापडला तर मी खाली उतरते."

एवढ्या लोकांसमोर महाराज नाही कसे म्हणतील? त्यांनी बसायची खूण केली. शेफालीने गळ्यातला स्कार्फ काढला आणि गाडीवर बांधतात तसा तोंडाभोवती घट्ट बांधला. वर गॉगल चढवला. पुण्यात कुणाला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

"चेहरा मोकळा करा," महाराज म्हणाले.

"का? रुद्राक्षाला चेहरा लागतो?"

महाराजांनी मान दाबली, खांदे दाबले, कोपर, गुडघे. रुद्राक्ष ढिम्म. हात खाली बुटावर आला आणि नेमका अंगठ्यावर दाबला. गॉगलच्या आड शेफालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ती हलली नाही. रुद्राक्षही हलला नाही. हात पुन्हा वर गेला आणि कमरेपाशी दोरा एकदम फिरायला लागला.

"कंबर," महाराज विजयाने म्हणाले. "स्कूटरवाल्यांचा हमखास त्रास."

शेफालीने बूट काढला. मोजा रक्ताने माखला होता.

"दोरा ह्यांचीच बोटं फिरवतात," ती म्हणाली. "दाबताना हे चेहरा बघतात. बाळाचं तोंड वाकडं झालं, आजींच्या कपाळाला आठी पडली, की बोट हलतं. आम्हीही चेहराच बघतो. बाळाचं रडणं, पाय आखडणं, म्हाताऱ्यांचा श्वास, कण्हणं, सगळं बघतो. पण मग औषध देतो, फेऱ्या घालायला लावत नाही. काका, आजींच्या खुब्यावर हलकेच हात ठेवा. तोंडातून काय येतं ते ऐकू नका, चेहरा बघा."

जयसिंगराव तावातावाने पुढे आले. त्यांनी हात टेकवला. सोजरबाईंचं कपाळ आवळलं, ओठ पांढरे पडले, निऱ्यांवर मूठ घट्ट झाली.

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

जयसिंगरावांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. इतके दिवस आईला रोज विचारत होते, तिच्याकडे बघितलं मात्र नव्हतं. ते मटकन खाली बसले आणि बायाबापड्यांसमोर ढसाढसा रडले. साईही पुन्हा रडायला लागला होता. साखर संपली होती.

रुग्णवाहिका येईपर्यंत महाराज स्वयंपाकघराच्या दाराने पसार झाले. एक्स-रेत खुब्याचं हाड मोडलेलं निघालं, मात्र टोकं अजून एकमेकांत रुतून होती. आजींना उभं केलं असतं तर तीही निसटली असती. शस्त्रक्रिया झाली. साईच्या कानाला औषध मिळालं.

वेदनाहर महाराजांचा फलक आता दुसऱ्या एखाद्या उपनगरात लागेल. अशा माणसांना हॉल मिळतात आणि यजमानही मिळतात. तुम्हाला जायचंच असेल तर खुशाल जा, फक्त तोंडाला स्कार्फ बांधून जा. आणि निघण्याआधी घरातल्या न बोलणाऱ्या माणसाजवळ बसा, त्याच्या कपाळाकडे नीट बघा, आणि आठी दिसली तर त्याला दवाखान्यात न्या.