नळकांड्याचं माप

अक्काच्या दंडावर निळा डाग पहिल्यांदा दिसला, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. त्याऐवजी आठ दिवस मी पुस्तकं चाळत बसलो. खात्री नसताना बोलू नये, असं माझं सत्तर वर्षं चाललं आहे.

अक्का म्हणजे बानाबाई, माझी थोरली बहीण. मुकुंदवाडीत माझ्याकडंच राहते. गेल्या वर्षी पायात रक्ताची गाठ झाली, तेव्हापासून तिला रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. त्यात गुडघे धरलेले. म्हणून आमचा मोठा भाऊ फकिरा दौलताबादच्या डोंगरातून सालईची साल आणून देतो, काढ्यासाठी.

नवव्या दिवशी सकाळी चूळ भरताना तिच्या तोंडातून रक्त आलं. ओट्यावर काढा होता आणि शेजारी बापाचं बांबूचं नळकांडं, मेंढरांना औषध पाजायचं.

"अक्का, ह्यानं मापून घेतेस?"

"व्हय. दादा म्हणला, सकाळी एक भरून, सांजच्याला एक."

साल घेऊन आलेला फकिरा खाटेवर चहा पीत होता. "लंगडा एडका चार दिवसांत उड्या मारतो, बिभ्या. वर सर्दी-पडसं जवळ येत नाय. झाडाची साल हाय ती, तिनं काय व्हतंय?"

"अक्का एडका नाही, दादा."

"मग पुस्तकात बघ, काय हाय ती!"

अक्काही हसली. तिच्या दातांना रक्त होतं.

मी नळकांडं उचललं आणि उंबऱ्यावर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा आपटलं, तेव्हा चिरलं.

"बापाचं हाय ते!" फकिरा ओरडला.

"अक्का कसली गोळी खाते, हे बापाला माहीत नव्हतं, तुला होतं! डॉक्टरला एका शब्दानं विचारलंस? आणि मी! मला डाग दिसत होता, तरी गप्प बसलो!"

माझा आवाज मलाच ओळखू येईना. अक्का घाबरून उठली. रिक्षा मी बोलावली.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि तिला लगेच भरती करून घेतलं. काढा त्याच क्षणी बंद. "गोळीवर हा काढा, म्हणजे रक्त आणखी पातळ. गोळीचं मी बघतो," ते म्हणाले. "असलं काही सुरू करायच्या आधी दाखवायचं असतं. किती घेत होत्या?"

मी फकिराकडं पाहिलं. त्यानं धोतराच्या ओच्यातून चिरलेलं नळकांडं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"एवढं," तो खाली बघत म्हणाला. "दोनदा."

अक्का वाचली. दोघांवरचा माझा राग मात्र अजून तसाच आहे, त्याच्यावरचा आणि माझ्यावरचा.